जुनी डस्टर घेताना ऑल व्हील ड्राइव्ह घ्यावी, की पुढच्या चाकांवर चालणारी?

आपण लिहिले आहे की कोल्हापुरात 2016 सालच्या दोन डिझेल रेनो डस्टर आपल्या पाहण्यात आहेत, एक ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळू शकणारी, आणि दुसरी पुढच्या चाकांवर चालणारी, आपोआप गिअर बदलणारी एएमटी, आणि वर्षातून चार-पाच वेळा आपल्याला सावंतवाडीजवळच्या गावी जावे लागते. मी यांतल्या पहिल्या प्रकारची गाडी काही वर्षे वापरलेली आहे, त्यामुळे माझे मत थोडे तिच्याकडे झुकलेले असेल, हे आधीच सांगतो.

केवळ वाटेतल्या आंबोली घाटासाठी ऑल व्हील ड्राइव्ह घेऊ नये. घाट डांबरी आहे, आणि पावसात उतारावर गाडी थांबते ती टायर आणि ब्रेक यांच्या भरवशावर. मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो म्हणून ती लवकर थांबत नाही. खरा प्रश्न मुख्य रस्ता सोडल्यानंतरच्या शेवटच्या टप्प्याचा असतो. चढावर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे वजन मागच्या चाकांकडे सरकते आणि जोर मात्र पुढच्यांना मिळत असल्याने, नेमकी हलकी झालेली चाके ओल्या तांबड्या मातीत जागच्या जागी फिरत राहतात. अशा वेळी गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवली तर ती बऱ्याचदा चढते, कारण मग वजन जोर लावणाऱ्या चाकांवर येते. मान मोडून मागे पाहत, बाजूच्या गडग्याला न घासता हे करणे मात्र दर खेपेला जमत नाही.

ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरमध्ये एक गोल बटण असते. एका स्थितीत फक्त पुढची चाके चालतात, ‘ऑटो’मध्ये पुढची चाके घसरू लागली की विद्युतचुंबकीय क्लच मागच्या चाकांकडे जोर पाठवतो, ‘लॉक’मध्ये कमी वेगात दोन्हीकडे निम्मा-निम्मा जोर जातो. वेगळा लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जास्त जोराने चालण्यासाठीचा गिअरांचा संच, नाही, पण पहिला गिअर मुद्दाम इतका आखूड ठेवला आहे की सपाट रस्त्यावर मी बहुधा दुसऱ्यातच गाडी उचलत असे. डिकी मात्र 475 लिटरऐवजी 410 लिटरची मिळते.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच तेवढा पायाऐवजी यंत्र दाबते आणि गिअरही तेच बदलते. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय आधीच्या मालकाला असेल, तर क्लच घासलेला निघेल.

ऑल व्हील ड्राइव्हच्या गाडीत सर्वांत आधी टायर पाहावेत. चारही एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील, तर चाकांच्या फिरण्यात कायम फरक पडून मागच्या चाकांकडे जोर पाठवणाऱ्या त्या मधल्या क्लचवर विनाकारण ताण येतो. विक्रेते गाडी चकाचक दिसावी म्हणून नेमके दोनच टायर बदलतात. नंतर मोकळ्या मातीच्या जागेत ‘लॉक’ लावून गाडी हळू चालवावी आणि मागची चाके खरोखर ओढतात का ते पाहावे. कोरड्या डांबरावर ‘लॉक’मध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवू नये. गॅरेजमध्ये गाडी वर उचलून मागच्या डिफरन्शियलच्या सीलमधून ऑइल झिरपते का आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटले आहेत का, हेही पाहून घ्यावे. मागचा ऑल व्हील ड्राइव्हचा बिल्ला कोणालाही चिकटवता येतो, म्हणून व्हेरियंट कागदपत्रांवरून पडताळावा. 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर डिझेल डस्टर बंद झाली आणि तिच्याबरोबर ऑल व्हील ड्राइव्हही गेली, त्यामुळे मधल्या क्लचची किंमत आणि तो मिळेल की नाही, याची चौकशी व्यवहाराआधीच केलेली बरी.

आपल्या घरापर्यंतचा चढ सिमेंटचा झालेला असेल, तर मी या दोन्ही गाड्या सोडून पुढच्या चाकांवर चालणारी, हाताने गिअर टाकायची 110 पीएसची डस्टर शोधीन. तो मातीचाच असेल आणि टायर-क्लचची तपासणी समाधानकारक निघाली, तर ऑल व्हील ड्राइव्ह घ्यावी.