फुकट मिक्सर, तुकोबांचा अभंग आणि रखडलेलं मानधन

वाचकांचे प्रश्न : रील, व्हिडिओ आणि कायदा

प्रश्न : मी पाककृतींच्या रील टाकते. एका कंपनीने २४ हजारांचा मिक्सर पाठवला, पैसे एक रुपया नाही. तरी ‘जाहिरात’ असं लिहावं लागेल का? आणि आता ते पॅन क्रमांक मागताहेत, तो कशासाठी? (इचलकरंजी)

उत्तर : लिहावं लागेल. ग्राहक व्यवहार विभाग आणि जाहिरात मानक परिषद (ॲस्की) या दोघांच्याही नियमांत भेटवस्तू, सवलत, फुकट मुक्काम, अगदी कंपनीशी असलेलं नातंसुद्धा जाहीर करायचं असतं. रील मराठी असेल तर शब्दही मराठीच हवा, आणि तो चित्रावर हवा. खाली वीस हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेला चालत नाही. ॲस्कीचा हिशेब असा : १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद, १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलवर ‘जाहिरात’ १५ सेकंद दिसली पाहिजे. ‘पेड पार्टनरशिप’चं बटण दाबलं तरी हे वेगळं लिहायचंच. ‘थँक यू अमुक ब्रँड’ म्हणजे आभार झाले, जाहीर करणं नव्हे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. बचाव एकच : दावा खरा आहे की नाही हे आपण तपासलं होतं, हे दाखवता येणं. ‘बर्फाचा भुगा करतो’ असं बोलणार असाल तर आधी बर्फ घालून बघा आणि तो कच्चा व्हिडिओ पुसू नका.

पॅन मागतात ते टीडीएससाठी, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून भरायच्या करासाठी. एकाच कंपनीकडून वर्षभरात मिळालेल्या वस्तूंची किंमत २० हजारांवर गेली की पूर्ण किमतीवर १० टक्के कर भरल्याशिवाय कंपनीला वस्तू देता येत नाही. तुमच्या बाबतीत २,४०० रुपये. ते तुम्ही द्यायचे की कंपनीने, हे आधीच ठरवून घ्या. पुढे विवरणपत्रात मिक्सरची किंमत उत्पन्न म्हणून दाखवायची आणि कापलेल्या कराचं श्रेय घ्यायचं. चित्रीकरण करून मिक्सर परत केला तर तो लाभ धरत नाहीत. फक्त कुरिअरची पावती जपा.

प्रश्न : वारीच्या व्हिडिओला जुन्या रेकॉर्डमधला तुकोबांचा अभंग फक्त ८ सेकंद लावला, तरी यूट्यूबवर क्लेम (कॉपीराइटचा दावा) आला. तुकोबांवर कुणाचा कॉपीराइट? (पंढरपूर)

उत्तर : तुकोबांवर कुणाचाच नाही. पण तुम्ही तुकोबा लावले नाहीत, रेकॉर्ड लावली. तिच्यात तीन हक्क एकावर एक बसलेले असतात. शब्द सतराव्या शतकातले, ते मोकळे. चाल संगीतकाराची, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रण सहसा कंपनीचं. प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६०मध्ये बाजारात आलेल्या तबकडीचं मुद्रण १ जानेवारी २०२१ला मोकळं झालं, पण संगीतकार १९९०मध्ये गेला असेल तर चाल २०५० संपेपर्यंत बांधलेलीच.

‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ हे कुठून निघालं कोण जाणे, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असे सेकंद मोजलेले नाहीत. समीक्षा, परीक्षण, चालू घडामोडींचं वृत्त यांना सूट आहे, पार्श्वसंगीताला नाही.

क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवरची ताकीद) नव्हे, घाबरू नका. यूट्यूब स्टुडिओत कुठल्या सेकंदांवर दावा आहे ते दिसतं; तेवढा भाग काढा किंवा आवाज बदला, क्लेम सुटतो. पारंपरिक चालीत अभंग स्वतः गायला असाल आणि तरी क्लेम आला, तर मात्र जरूर हरकत घ्या. पाच दिवसांत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न राखून ठेवलं जातं. समोरच्याला उत्तराला ३० दिवस. हक्क नसताना उगाच हरकत घेतली तर व्हिडिओ काढायला लावून खरा स्ट्राइक येऊ शकतो, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं.

प्रश्न : ‘मधुमेह मुळापासून बरा करणारा’ काढा, कंपनी म्हणते, तिचंच वाक्य बोलायचं. (जालना)

उत्तर : बोलू नका. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यात मधुमेहाचं नाव यादीत आहे. तो बरा करण्याची जाहिरात हाच गुन्हा, काढा आयुर्वेदिक असला तरी.

प्रश्न : काम व्हॉट्सॲपवर ठरलं, रील गेली, चार महिने मानधन नाही. वर कंपनी माझी रील स्वतःची जाहिरात म्हणून चालवते आहे. (ठाणे)

उत्तर : कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला कागद लागतो, चॅटवरचा अंगठा पुरत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमची सहीच नाही, तेव्हा तुम्ही हक्क लिहून दिलेला नाही. मात्र पैसे ठरवून कुणाच्या सांगण्यावरून केलेल्या व्हिडिओचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा ठरू शकतो, म्हणून कंपनी वाद घालू शकते. कंपनीला ईमेलने लेखी कळवा : वापर थांबवा किंवा जाहिरातीचं वेगळं मानधन द्या. चालू जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह आधी काढून ठेवा, नोटीस गेली की ती गायब होते.

मानधनासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, कामी येते. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. पैसे मागणारे सगळे एजंट. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायची ती अशा थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी सुलभीकरण परिषदेकडे. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी, नंतर केली तर वाद होतो. या वेळेस नोटीस आणि चॅट यांवरच भागवा. पुढच्या कामाआधी एका पानावर लिहून घ्या : किती रील, किती दुरुस्त्या, किती दिवस आणि कुठल्या पेजवर वापर, बूस्ट करायचं (पैसे भरून जाहिरात म्हणून चालवायचं) तर जादा किती, बिलानंतर किती दिवसांत पैसे. निम्मे आगाऊ.