क्लबमध्ये रुजू होण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या ओळीत नोकरी मिळाल्याचा आनंद आहे आणि शेवटच्या ओळीत प्रश्न: "मॅडम, वजन घटवण्याच्या या क्लबांनी लोकांचं वजन खरंच उतरतं का, की मी वर्गणी घेऊन नुसती आशा विकणार आहे?" रुजू होण्याआधीच हा प्रश्न तुला पडला, याचं मला फार बरं वाटलं. मीही तुझ्या वयाची असताना अशाच एका क्लबात सहा वर्षं गट घेतले. मला हा प्रश्न पडायला चौथं वर्ष उजाडावं लागलं.

उत्तर आधी देते. हो, उतरतं. पण थोडं उतरतं. आणि त्या थोड्यातलंही बरंचसं पुढच्या काही वर्षांत परत येतं. यातलं पहिलं वाक्य सांगायला क्लबची जाहिरात आहेच. उरलेली दोन सभासदांना तू सांगायचीस, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहिते आहे.

थोडं म्हणजे किती? २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली होती. ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटन मिळून ७७२ माणसं. काहींना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडचा सल्ला, काहींना वर्षभर वेट वॉचर्स या वजन घटवण्याचे क्लब चालवणाऱ्या कंपनीच्या बैठकांना मोफत प्रवेश. कोणी कुठे जायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे उत्साही माणसं सगळी एकाच बाजूला गोळा झाली असं म्हणायला जागा नाही. ज्यांनी वर्ष पूर्ण केलं त्यांचं वजन क्लबकडे सरासरी ६.६५ किलो उतरलं, डॉक्टरांकडे ३.२६. पण क्लबकडच्या दर १०० जणांतल्या ६१ जणांनीच वर्ष पूर्ण केलं होतं. मधेच सुटलेल्यांचं शेवटचं नोंदलेलं वजन धरून हिशेब केला की ६.६५ चे ५.०६ होतात. सुटलेल्यांचं काहीच उतरलं नाही असं धरलं की ४.०६. चाचणी एक, आकडे तीन, आणि तिन्ही खरे. खर्च वेट वॉचर्सनेच उचलला होता, हेही लक्षात असू दे. तरी अगदी कडक हिशेबातसुद्धा क्लबची माणसं डॉक्टरांकडच्यांपेक्षा दोन किलोंहून थोडी पुढेच राहिली. त्यामुळे "हे क्लब म्हणजे निव्वळ फसवणूक" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र क्लबमध्ये तुझ्या हातात पहिला आकडा ठेवतील. सभासदासमोर बसताना तू शेवटचा मनात ठेव.

आता पुढची गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये १,२६७ जणांचे तीन गट केले. एका गटाला फक्त माहितीपुस्तिका आणि थोडासा सल्ला, दुसऱ्याला १२ आठवडे क्लब, तिसऱ्याला ५२ आठवडे क्लब. वर्षाअखेर पुस्तिकेवाल्यांचं ३.२६ किलो उतरलं होतं, १२ आठवडेवाल्यांचं ४.७५ आणि वर्षभरवाल्यांचं ६.७६. जास्त दिवस आलेल्यांचं जास्त उतरलं, इथवर कोणालाही पटेल. पाच वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं, तेव्हा पुस्तिकेवाले मूळ वजनापासून जेमतेम अर्धा किलो खाली होते, १२ आठवडेवाले सुमारे दोन किलो आणि वर्षभरवाले सुमारे पावणेतीन किलो.

पावणेतीन किलो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खिन्न झाले होते. आता होत नाही. एक तर वय वाढतं तसं बहुतेकांचं वजन काहीही न करता वरच सरकत असतं. पाच वर्षांनी सुरुवातीच्या खाली असणं ही साधी गोष्ट नाही. दुसरं, शरीराला थोड्याचंही मोल असतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी तू अभ्यासली आहेस. तिथे उद्दिष्ट होतं शरीराच्या वजनाच्या फक्त ७ टक्क्यांचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचं, आणि तेवढ्याने सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ती क्लबची चाचणी नव्हती, तिथे प्रत्येकामागे स्वतंत्र मार्गदर्शक होता, तेव्हा तो आकडा क्लबच्या नावावर कधी सांगू नकोस. पण पाच-सहा किलोंना कोणी क्षुल्लक म्हणालं तर तो जरूर आठव.

वजन परत का येतं, हे तू पुस्तकात शिकलीस. समोर बसलेल्या माणसाला ते माहीत नसतं. त्याला वाटतं, आपल्यात निश्चय नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार दिला, १३ किलोंच्या आसपास वजन उतरवलं आणि सुरुवातीपासून वर्षभरानंतर पुन्हा रक्त तपासलं. भूक जागवणारं घ्रेलिन तेव्हाही मूळ पातळीच्या वरच होतं, भूक आवरणारं लेप्टिन खालीच होतं आणि माणसं आधीपेक्षा जास्त भुकेली होती. शरीर हरवलेलं वजन वर्षभर विसरत नाही. त्या भुकेला आळस म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो मी केला आहे.

ते सांगते. आमच्या क्लबच्या दारात एक फळा होता. ज्यांचं दहा किलोंच्या वर उतरलं त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो त्यावर लागत. माझ्या गटातल्या एका बाईंचं १४ किलो उतरलं. फोटो मीच लावला, टाळ्याही मीच सुरू केल्या. पुढे त्यांचं येणं कमी झालं, मग थांबलं. दोन वर्षांनी त्या मला दवाखान्याच्या रांगेत भेटल्या. वजन परत आलेलं होतं. त्या म्हणाल्या, "मी आले होते हो एकदा. दारापर्यंत आले. माझाच फोटो दिसला आणि मागे फिरले." ज्या दिवशी त्यांना आमची सगळ्यात जास्त गरज होती, त्या दिवशी त्यांना आत येऊ दिलं नाही ते मी लावलेल्या फोटोने. दुसऱ्या दिवशी मी फळा उतरवायची परवानगी मागितली. मिळाली नाही. तो फळा पाहून नवे सभासद नाव घालतात, असं कारण मला देण्यात आलं, आणि ते खरंही होतं. वर्षभराने मी ती नोकरी सोडली.

पण सोडली म्हणून मी क्लबच्या कल्पनेवर रागावलेली नाही. उलट. ही कल्पना मुळात सुरू कशी झाली ते बघ. जीन निडेच नावाची न्यूयॉर्कची एक गृहिणी १९६१ साली तिथल्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणावरच्या दवाखान्यात जात होती. आहाराचा तक्ता तिला तिथेच मिळाला, तोही फुकट. अडचण तक्त्याची नव्हती. ती चोरून बिस्किटं खात होती आणि दवाखान्यातल्या बाईंना ते सांगायची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे कबूल केलं. मग त्याही आपापल्या लपवलेल्या गोष्टी बोलू लागल्या. दर आठवड्याला भेटू लागल्या, जास्त माणसं येऊ लागली आणि १९६३ साली वेट वॉचर्स ही कंपनी झाली. म्हणजे सगळ्याचं मूळ कुठे आहे, तर जिथे चोरून खाल्लेलं बिस्किट उघडपणे सांगता येतं अशा खोलीत. खाण्याच्या पदार्थांना गुण देऊन ते मोजायच्या पद्धती, पुस्तिका, तयार जेवणाची पाकिटं हे सगळं नंतर आलं.

ती खोली काय करते ते आपल्या आहारशास्त्राच्या पदवीधरांना मान्य करणं जड जातं. बर्मिंगहॅममध्ये ७४० जणांवर एक चाचणी झाली होती, तीही २०११ सालीच छापली गेली. काहींना व्यापारी क्लब, काहींना डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा औषधांच्या दुकानात प्रशिक्षित माणसाकडून समोरासमोर सल्ला. १२ आठवड्यांनी दवाखान्यातल्या लोकांचं सरासरी १.३७ किलो उतरलं होतं, वेट वॉचर्सकडच्यांचं ४.४३. खर्च मात्र दवाखाना-औषधालयाच्या सल्ल्याचाच सर्वांत जास्त. क्लबात गट घेणारी माणसं बहुतेक वेळा स्वतः कधीकाळी सभासद असलेली, आहारशास्त्राची पदवी नसलेली असतात. तरी त्यांच्याकडे लोक परत येतात, कारण दर आठवड्याला ठरलेल्या वेळी कोणीतरी वाट बघत असतं. तुझ्या गटातही आधीपासून काम करणारी अशी एखादी बाई असेल. तिच्याकडून शिक. शास्त्र तुझ्याकडे आहे, माणूस पुढच्या आठवड्यात परत यावा असं त्याच्याशी कसं बोलायचं ते तिच्याकडे असेल.

आता काही कामाच्या गोष्टी, सुचतील तशा लिहिते.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो आणि सगळे खूश होतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे राखीव साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा वापरला गेला की ते निघून जातं. हे पहिल्याच दिवशी सांग. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही तेव्हा माणसाला वाटतं आपणच कमी पडलो, आणि चौथ्या आठवड्यात तो येत नाही.

वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नकोस, कमी झालेलं असलं तरी. आज ज्याचं वाचलं नाहीस त्याचं काय झालं ते सगळ्यांना कळतंच.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस अचानक कमी जेवू लागला तर त्याची साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. नाव नोंदवतानाच औषधं विचार, आणि डॉक्टरांशी बोलून आल्याशिवाय त्याला आहार बदलायला सांगू नकोस. इथे तडजोड नाही. गरोदर बाई वजन उतरवायला आली तर तिला नाही म्हण. आणि एखादी सडपातळ मुलगी येऊन "अजून पाच किलो" म्हणाली, जेवणाच्या नावाने तिचे डोळे भरले, पाळी थांबल्याचं ती सहज बोलून गेली, तर तिला काट्यावर उभीही करू नकोस. तिला वेगळ्या मदतीची गरज आहे आणि ती मदत कुठे मिळते हे तुला रुजू व्हायच्या आधी माहीत हवं.

औषधांचंही तुला विचारतील. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या २०२१ सालच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. क्लबच्या कुठल्याही आकड्याशी त्याची तुलना होत नाही. हे दडवू नकोस. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं, तेही सांग. २०२५ च्या मे महिन्यात वेट वॉचर्सनेच दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला, यावरून वारा कुठला आहे ते तुला कळेल. तरी औषध घेणाऱ्यालाही आठवड्यातून एकदा बोलायला माणूस लागतो. तो माणूस तू हो.

नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचार. माझा पगार नव्या सभासदांच्या संख्येवर ठरणार आहे का? असेल तर प्रत्येक महिन्याअखेरीस तुझी जीभ अडखळेल, हे मी अनुभवाने सांगते. सोडून गेलेला सभासद परत आला तर त्याच्याकडून पुन्हा प्रवेशशुल्क घेतात का? आणि पहिल्याच बैठकीत मी लोकांना खरी सरासरी सांगितली तर चालेल का? तिन्हींची उत्तरं मनासारखी मिळणार नाहीत. दोन मिळाली तरी जा. एकही मिळालं नाही तर दुसरीकडे बघ, मी चार ठिकाणी शब्द टाकीन.

गेल्यावर पहिलं काम हे कर: गेल्या दोन वर्षांत येणं थांबवलेल्या सभासदांची यादी माग. क्लबकडे असते ती. दर आठवड्याला त्यातल्या पाच जणांना फोन कर. वजनाचं काही विचारू नकोस. "तुमची खुर्ची आहे, आणि काट्यावर उभं राहायलाच हवं असं नाही," एवढं सांग. किती जण येतात ते महिन्याभराने मला कळव. रविवारी दुपारी मी घरीच असते.

तुझी,
मॅडम