हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल यांत फरक काय? आपण दोन्हींना ऐतिहासिकच म्हणतो ना?

म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो. माझं साताऱ्यात फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. एकदा एका मंडळाच्या कबड्डी संघाने मोठी स्पर्धा मारली, त्याचा दहा बाय आठचा बोर्ड छापला. वर ठळक ‘हिस्टॉरिकल विन’. न्यायला आलेल्यांत एक इंग्रजीचे सर होते. म्हणाले, “अहो, कालची मॅच इतिहासजमा केलीत की!” मॅटर त्यांच्याच पोरांनी दिलेलं, पण प्रूफ मी ओके केलेलं. पदरचे पैसे घालून पुन्हा छापला.

तर जे इतिहास घडवतं ते हिस्टॉरिक. जे इतिहासातलं किंवा इतिहासाविषयीचं, मग ते कितीही किरकोळ असो, ते हिस्टॉरिकल. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो प्रसंग हिस्टॉरिक. त्यावर कुणी कादंबरी लिहिली तर ती हिस्टॉरिकल नॉव्हेल. तिला हिस्टॉरिक म्हटलंत, तर त्या कादंबरीनेच साहित्यात उलथापालथ केली असा अर्थ होईल.

आमच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद निघाला होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. घरात सगळ्यांना वाटलं, इनामाची सनद असणार! जाणकाराकडून वाचून घेतला, तर पणजोबांनी म्हैस घेतल्याची पावती. हिस्टॉरिकल डॉक्युमेंट आहेच ते. हिस्टॉरिक असेल तर फक्त त्या म्हशीच्या दृष्टीने.

महाबळेश्वरच्या पावसाचे जुने आकडे हा हिस्टॉरिकल डेटा. एखाद्या वर्षी सगळे विक्रम मोडले तर तो पाऊस हिस्टॉरिक.

वास्तूंच्या बाबतीत इंग्रजी जरा सैल आहे. जुनी, जपण्याजोगी असली की झाली हिस्टॉरिक बिल्डिंग, तिथे लढाई झालेलीच हवी असं नाही. अजिंक्यताऱ्याला तर बिनधास्त हिस्टॉरिक फोर्ट म्हणा. १७०० साली तो हाती यायला औरंगजेबाला चार महिन्यांहून जास्त वेढा द्यावा लागला होता. हिस्टॉरिकली हे क्रियाविशेषण मात्र दोन्हींना मिळून एकच.

हल्ली असलं मॅटर आलं की मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, “इतिहासातलं की इतिहास घडवणारं?” परवा एकजण म्हणाला, “दादा, काय पण टाका, अक्षर तेवढं मोठं टाका.”