वांगावर लेझर? जरा थांब

अगं, बहिणीच्या लग्नाला दीड महिना राहिलाय म्हणून घाईघाईत लेझर करू नकोस. डाग नेमके कसले आहेत, ते आधी त्वचारोगतज्ज्ञाला बघू दे. उन्हाने उठलेले सुटे ठिपके वेगळे आणि दोन्ही गालांवर सारखा पसरलेला वांग वेगळा. ठिपके लेझरला बरी दाद देतात. वांग हट्टी, उतरतो आणि पुन्हा डोकं वर काढतो.

माझंच सांगते. पार्लरवजा एका क्लिनिकात सवलतीत सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. दुसऱ्या सिटिंगनंतर गाल लाल झाला आणि पंधरवड्यात तिथेच आधीपेक्षा गडद चट्टा, चहा सांडल्यासारखा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त. उष्णतेने ती चिडली की आणखी रंग तयार करते. तो चट्टा फिका व्हायला आठ महिने गेले. पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून मशीन कुठलं, ते विचार. आपल्या रंगाला बहुधा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं, एनडी-याग प्रकारचं लेझर कमी ऊर्जेवर वापरतात. आधी कानाजवळ छोट्या जागेवर चाचणी करून घे.

आणि सनस्क्रीन! दोन बोटं भरून, एसपीएफ ३० च्या वरचं, बाहेर असशील तर दर दोन तासांनी. वांगाला डोळ्यांना दिसणारा उजेडही भोवतो, त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत घे. स्कूटीवर ओढणी बांधतेस ते चांगलंच, पण तेवढ्यावर भागत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तेही सांग. आणि मैत्रिणीने सुचवलेली स्टेरॉइडवाली क्रीम मेडिकलमधून परस्पर आणू नकोस.