ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड. बहिणीला अँग्झायटीच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील का?

बहुतेकांना नाही. पण ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरात कुणी "नाटक करते" म्हणत असेल, तर ते आधी थांबवा. पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यात, अॅड्रेनलिन हे हार्मोन खरंच वाढतं. धडधड, घाम, श्वास कोंडणं सगळं खरं असतं. साधारण १० मिनिटांत ते शिगेला पोचतं आणि ओसरू लागतं. थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या, त्यानेही असंच होतं.

एस्सिटालोप्राम, सरट्रालिन अशा गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते. नेमकी तिथेच माणसं गोळी सोडतात! बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवून डॉक्टरच ती हळूहळू कमी करतात. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांची. त्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून कधीच नकोत.

सोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, हवीच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गर्दी ती टाळत असेल, तर थेरपिस्ट तिला टप्प्याटप्प्याने तिथवर नेतात. टाळत राहिलं की भीती वाढतच जाते.

गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे. "बांबोळीला नेलं" असं लोक बोलतील म्हणून उपचार लांबवू नका. घरून बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, रात्रंदिवस मोफत. जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली, तर तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी इस्पितळात न्या.