गोठ्यात हीटिंग कोणतं बसवायचं?

तुमचा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाहीये. उत्तर वेल्समध्ये नोकरी लागलीय, बघून ठेवलेल्या घरामागे ३० चौरस मीटरचा जुना दगडी गोठा आहे, तो आई-बाबांसाठी राहण्याजोगा करायचाय, तर त्यात हीटिंग कोणतं बसवावं? नेमका हाच उद्योग मी करून बसलोय. अनुदानाचं, परवानाधारक कारागिरांचं सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी सोडतो.

आम्ही उत्तर वेल्समधल्याच बेथेस्डा गावाच्या वरच्या अंगाला राहतो. गॅसची लाइन इथवर येत नाही, त्यामुळे मोठं घर रॉकेलवर तापतं. हो, रॉकेलच. वाईला आई रेशनच्या रांगेत उभी राहून पाच लिटरचा कॅन भरून आणायची. इथे मी फोन करतो आणि टँकर येऊन एका वेळी किमान ५०० लिटर ओतून जातो. गोठ्याला वेल्शमध्ये ‘बेइडी’ म्हणतात. पहिल्यांदा मला ते ‘बेडी’ ऐकू आलं आणि खूप हसलो होतो.

आधी वटवाघळं. जुन्या छताला हात लावण्याआधी तिथे वटवाघळं राहतात का याची पाहणी करावी लागते, कारण त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. ती संध्याकाळी बाहेर पडताना मोजायची असतात आणि हे मोजमाप उन्हाळ्याच्या महिन्यांतच होतं. आम्ही ऑक्टोबरात विचारायला गेलो. झालं, पुढच्या मे महिन्यापर्यंत गप्प बसा. मग दोन माणसं खुर्च्या टाकून, हातात यंत्र धरून आमच्या अंगणात संध्याकाळभर बसली. तीन निघाली. त्यांच्यासाठी छताच्या कडेला फट ठेवायची अट आली, ती आम्ही पाळली. चिडलोही नाही. चिडलो नंतर.

आता हीटिंग. मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. मोठ्या घराच्या रॉकेल बॉयलरवरून गोठ्यापर्यंत नळ्या पुरल्या आणि फरशीखाली गरम पाण्याची वेटोळी घातली. वाटलं, बाबांचे गुडघे दुखतात, जमीनच ऊबदार असावी. अंगण चौदा मीटर, पण खाली सगळा पाटीचा दगड. आपण शाळेत ज्याच्यावर गिरवलं तोच. २०२१ साली या भागाच्या पाटी-खाणींच्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच साली त्या वारशात चर खणायला मला भाड्याचं मशीन आणि तीन दिवस लागले. ही फरशी तापायला अर्धा दिवस घेते. रोज कुणी राहत असेल तर त्याहून सुख नाही. अधूनमधून पाहुणे येणार असतील तर तुम्ही दगड तापवताय, माणसं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी भिंतींवर पैसे घातले असते. दोन फूट जाडीची दगडी भिंत बघून आपल्याला वाडा आठवतो आणि ऊब असेल असं वाटतं. नसते. आतून लाकडी तंतूंचे बोर्ड आणि चुन्याचा गिलावा करा. सिमेंट लावू देऊ नका, ओल आत कोंडते आणि दुसऱ्या हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी दिसते. एवढं नीट झालं तर तेवढ्या खोलीला दोन-अडीच किलोवॅट पुरतात. म्हणूनच लाकडाची शेगडी नको. बाजारात सर्रास मिळते ती पाच किलोवॅटची. एवढ्याशा खोलीत माणसं दार उघडून बसतात, आणि सरपण वाळवणं हा वेगळाच संसार.

भिंतीवरचा साधा विजेचा हीटर स्वस्तात बसतो पण एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो. एअर-टू-एअर हीट पंप, म्हणजे आपला स्प्लिट एसीच उलटा चालवलेला, साधारण तिप्पट देतो आणि दहा मिनिटांत खोली उबवतो. इथल्या दमट थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, तो वितळवायला मधूनच थांबतो, घाबरू नका. पाणी मात्र तो तापवत नाही, त्याची वेगळी सोय करा. मी शेवटी हाच बसवला, फरशीचा खर्च पाण्यात गेल्यावर. आई-बाबा खरोखरच बारा महिने राहणार असतील तर रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवणाऱ्या स्टोरेज हीटरचाही विचार करा. इथले लोक त्याला नावं ठेवतात, कारण संध्याकाळपर्यंत तो गार पडतो. पण पहाटे पाचला आंघोळ करणाऱ्या माणसांना तो पाचलाच सगळ्यात गरम मिळतो.

‘खरोखरच राहणार असतील तर’. हे मी चर खणायच्या आधी विचारायला हवं होतं. आई-बाबांना ब्रिटनमध्ये कायमचं आणायचं तर जुलै २०१२ पासूनचा नियम असा, की वयामुळे किंवा आजारामुळे रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो, आणि तशी मदत तुम्ही पैसे पाठवूनही भारतात मिळू शकत नाही, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. म्हणजे हिंडतेफिरते आईबाप येऊ शकत नाहीत, आणि अंथरुणाला खिळले तर तिकडे बाई ठेवा. वकिलाने हे दहा मिनिटांत सांगितलं. गोठा तेव्हा रंगवून झाला होता. वटवाघळांना राहायचा हक्क आहे, माझ्या बापाला नाही, असं मी गाडीत मोठ्याने बोललो. बायको काही बोलली नाही.

पर्यटक व्हिसावर एका वेळी सहा महिने येता येतं. बाबा एकदाच आले, मे ते ऑक्टोबर. हीटिंग लावायची वेळच आली नाही.

मुलांच्या शाळेचं विचारलंत. इथे प्राथमिक शाळा वेल्शमधून चालते आणि मुलं ती भाषा भराभर उचलतात, तिची काळजी नको. पण आमच्या आधीच्या गावात, इंग्लंडमध्ये, एका बाईंनी सांगितलं होतं की घरी इंग्रजीच बोला, मुलगी मागे पडतेय. आम्ही ऐकलं. आम्ही, दोघं शिकलेले, आम्ही ऐकलं. बाबा सहा महिने तिच्याशी हातवारे करून बोलले. तिने त्यांना वेल्शमध्ये दहापर्यंत आकडे शिकवले, ते अजून फोनवर म्हणून दाखवतात.

एकटेपणा येतो. सवय होते.

एक शेवटचं: थर्मोस्टॅट फोनवरून चालणारा घ्याल तर आई-बाबांसाठी भिंतीवर गोल फिरवायचा एक ठेवाच. माझा फोनवरचा आहे. ओल धरू नये म्हणून रिकामा गोठा १२ अंशांवर ठेवतो. गेल्या जानेवारीत वाईला बाबांच्या उशाशी बसलो होतो, तर फोन वाजला: गोठ्यात ११ अंश, हीटिंग सुरू होत आहे. बाबांनी विचारलं, कुणाचा मेसेज. म्हटलं, घरचा.