मूळव्याधीवर घरगुती उपाय काय, आणि खायचं काय?

मूळव्याधीला घरच्या घरी काय करता येईल असं विचारलंय तर आधी पोट साफ होण्याचं बघा, कारण कडक शौच आणि जोर लावणं यानेच दुखणं वाढतं. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, ठेवलं की त्याची खळ होते मग घशाखाली उतरत नाही. आणि पाणी कमी पडलं तर हेच इसबगोल उलट बद्धकोष्ठ करतं, हे कोणी सांगत नाही. दिवसाला 25-30 ग्रॅम फायबर पोटात जायला हवं, म्हणजे ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालीची मूगडाळ, पेरू, पपई वगैरे. मैदा, फरसाण कमी करा.

सुरण आपल्याकडे यावर पूर्वापार खातात, आयुर्वेदातही सांगितलंय, पण चिंच नाहीतर आमसूल घालून नीट शिजवा नाहीतर घसा असा खाजतो की मूळव्याध परवडली. दुपारी जेवणानंतर जिरेपूड घालून पातळ ताक. त्रिफळा चूर्णाने पोट साफ होतं, गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लवकर आराम हवा असेल तर टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. आणि मोबाईल घेऊन संडासात बसू नका राव!

रक्त पडत असेल तर मूळव्याधच आहे असं धरून चालू नका, विशेषतः चाळिशीनंतर, एकदा सर्जनला दाखवून घ्या, कधी फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) निघतं तर कधी आतड्याचं दुसरंच काही.